हिमस्खलन

हिमस्खलन : डोंगरउतारावर साचलेले हिम सुटून वेगाने खाली घसरण्याची क्रिया. यास हिमलोट असेही म्हणतात. भारतात त्याचा धोका जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, सिक्कीम व अरुणाचल प्रदेश या भागांत आहे.

हिमसंचय : हिवाळाभर साचलेले हिम एकजिनसी नसते, प्रत्येक हिमवृष्टीचा वेगळा थर बसतो. संचय पातळ आणि हवा अतिथंड असेल, तर जमिनीलगतच्या उबेमुळे बाष्प वर सरकते व हिमकण जाड्या साखरेसारखे सुटे होतात. निरभ्र रात्री पृष्ठभागावर गोठलेले दहिवरही पुढच्या हिमाखाली गाडले जाऊन कमकुवत थर बनते. असे थर काही आठवडे टिकू शकतात.

कारणे : हिमालयात हिवाळी वादळे मुख्यतः पश्चिमी झंझावातांमुळे येतात. नव्या हिमाचा भार जुन्या कमकुवत थरास पेलला नाही, तर वरचा घट्ट थर लादीसारखा तुटून निघतो. वारा एका बाजूचे हिम उडवून कड्याच्या आडोशाच्या उतारावर रचतो. त्यामुळे तेथे हिमवृष्टीच्या मोजमापापेक्षा कितीतरी अधिक भार पडतो. बहुतेक लादी-स्खलने ३०° ते ४५° उतारावर होतात. आभाळ निवळल्यावरही धोका लगेच सरत नाही. एका माणसाच्या वजनानेही थर सुटू शकतो. पायाखाली ‘धप्प’ असा आवाज होणे, हिमाला भेगा जाणे व जवळच ताजे स्खलन दिसणे ही अस्थिरतेची लक्षणे होत.

प्रदेशभेद : पीर पंजालमध्ये हिमवृष्टी विपुल व हवा तुलनेने उबदार असल्याने थर लवकर सांधतात. काराकोरममध्ये कडाक्याच्या थंडीमुळे संचय दीर्घकाळ ठिसूळ राहतो.

दुर्घटना : ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमधील सोनम ठाण्यावर बर्फाची भिंत कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातील एक जवान होता. सहा दिवसांनी जिवंत सापडलेले लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद यांचे ११ फेब्रुवारीला निधन झाले. जानेवारी २०१७ मध्ये गुरेझ खोऱ्यात जोरदार हिमवृष्टीत झालेल्या हिमस्खलनांत महाराष्ट्रातील जवानही मृत्युमुखी पडले.

पूर्वसूचना व बचाव : १९६९ मध्ये मनाली येथे स्थापन झालेली हिम व हिमस्खलन अध्ययन संस्था २०२० मध्ये संरक्षण भू-माहितीशास्त्र संशोधन संस्थेत विलीन झाली; आता ही दुसरी संस्था धोक्याचे अंदाज प्रसिद्ध करते. युरोपात १९९३ पासून पाच पातळ्यांची धोकाश्रेणी रूढ आहे. गाडल्या गेलेल्या व्यक्तीस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढल्यास ती वाचण्याची शक्यता बरीच असते. पुढे गुदमरण्यामुळे ती झपाट्याने घटते. म्हणून संकेतयंत्र, शोधकाठी व फावडे प्रत्येकाजवळ असावे लागते आणि धोक्याचा उतार एकेकट्याने ओलांडावा लागतो.

सह्याद्रीत हिम नसले, तरी पावसाळी दरडींमागे असाच असमतोल असतो : पाण्याने जड झालेली माती खालच्या खडकावरची पकड सोडते. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव अशाच दरडीखाली गाडले गेले.