डाव्या खांद्यावरून उजव्या बगलेत

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात पारावर बसलेल्या माजी सैनिकाला वय विचारायची गरज नसते. 'रायफल कशी धरायचात?' एवढंच विचारावं. ऐंशी ओलांडलेला माणूस असेल तर डावा हात कोपरात वाकतो, तळवा वर होतो आणि नसलेली बंदूक डाव्या खांद्यावर जाऊन टेकते. साठी-सत्तरीतला असेल तर डावा हात जागचा हलत नाही. उजव्या हाताची मूठ कमरेपाशी वळते आणि बंदूक उजव्या बगलेशी उभी राहते. पहिला थ्री-नॉट-थ्रीवर घडलेला, दुसरा एसएलआरवर. पहिल्याची आज्ञा 'कंधे शस्त्र', दुसऱ्याची 'बगल शस्त्र'.

हा फरक कुणा साहेबाच्या लहरीतून आलेला नाही, तो बंदुकीच्या अंगलटीतून आला. ली-एनफिल्ड ही थ्री-नॉट-थ्री म्हणजे साधारण चार किलोंची लाकूड-पोलादाची सरळसोट काठीच. तिची दहा गोळ्यांची पेटी पोटाशी जेमतेम फुगवटा करते, त्यामुळे ती खांद्यावर बिनतक्रार आडवी पडते. १९६२च्या चीन युद्धापर्यंत आपल्या पायदळाच्या हातात तीच होती. पुढे इशापूरच्या कारखान्यातली ७.६२ एसएलआर, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल, आली. तिला खाली पिस्तुलासारखी मूठ आणि घोड्यापुढे वीस गोळ्यांचं लांबडं मॅगझिन. ती खांद्यावर घ्यायला गेलं की रुततेच. म्हणून ती मुठीत धरून अंगालगत उभी ठेवायची पद्धत पडली. ब्रिटिश फौजेतही तिच्या भावंडाच्या बाबतीत हेच घडलं होतं.

गेवराईकडच्या एका निवृत्त हवालदारांनी 'कंधे शस्त्र' मला फावड्याच्या दांड्यावर करून दाखवलं. 'एक' म्हणताच उजव्या हातानं दांडा झटक्यात वर गेला आणि डाव्या हातानं तो झेलला. मग थांबा, त्या थांब्यात ते ओठातल्या ओठात 'दो-तीन' म्हणाले. पुन्हा 'एक': दांडा डाव्या खांद्यावर, डावा तळवा बटाखाली. पुन्हा 'दो-तीन', पुन्हा 'एक', आणि उजवा हात कापून टाकल्यासारखा मांडीला चिकटला. मी मध्येच विचारलं, "नाना, ते दो-तीन कशाला? एका दमात का नाही?" त्यांनी दांडा खाली ठेवला नाही. म्हणाले, "आरं, एका दमात केलं की ज्याचा त्याचा दम निराळा. दो-तीन सगळ्यांचा एकच असतो."

या 'दो-तीन'चं मूळ शोधत गेलं की थेट हॉलंडला पोचावं लागतं. सोळाव्या शतकाच्या शेवटी स्पेनशी लढणाऱ्या डच फौजेचा सेनापती मॉरिस ऑफ नासाऊ याच्यापुढे मोठी अडचण होती. तोड्याची बंदूक भरायला वेळ फार लागे, आणि भरताना एका हातात पेटती वात, दुसऱ्या हातात दारू. शेजारच्याचा हात चुकीच्या क्षणी हलला की शत्रूची गरजच उरत नसे. त्याचा चुलतभाऊ विल्यम लुई यानं ८ डिसेंबर १५९४च्या पत्रात जुन्या रोमन कवायतीवरून एक तोड कळवली: बंदुकधारी एकामागे एक रांगांत उभे करायचे, पहिल्या रांगेनं बार काढून मागे जायचं आणि मागे बंदूक भरत पुन्हा पुढे सरकायचं. हे जमायचं तर प्रत्येकानं तीच हालचाल त्याच क्रमानं केली पाहिजे. म्हणून बंदूक भरण्याचे तुकडे पाडले गेले आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र हुकूम मिळाला. याकोब द गाइन या चित्रकारानं १६०७ साली त्याचं पुस्तकच काढलं. त्यात ११७ चित्रं, प्रत्येक चित्रात एक शिपाई आणि एकच हालचाल. वात गेली, ठासणी गेली, मात्र तुकडे पाडून, मोजून, मध्ये थांबून हत्यार हलवण्याची सवय राहिली.

हिंदुस्थानाला तिचा पहिला चटका बसला १७४६ साली, मद्रासजवळ अड्यार नदीच्या काठी. अर्काटच्या नवाबाच्या सुमारे दहा हजारांच्या फौजेला काहीशे फ्रेंच आणि त्यांनी शिकवलेल्या देशी शिपायांनी पळवून लावलं. त्यानंतर प्रत्येक दरबाराला कवायती पलटण हवी झाली. निजामाकडे ती आणली फ्रेंच सेनानी बुसीनं. १७५१ साली तो नवा निजाम सलाबतजंग याच्यासोबत औरंगाबादेत आला, म्हणजे आजच्या बीडपासून काही मजलांवर फ्रेंच कवायत सुरू झाली. त्याच्याच हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान पुढे पेशव्यांकडे आला. १७६०च्या उदगीरच्या लढाईत त्यानं जुन्या धन्याला, निजामालाच, धूळ चारली आणि पुढच्या जानेवारीत पानिपतावर तो कामी आला. त्याच्या शिपायांना गारदी म्हणत. फ्रेंच 'गार्द'वरून आलेला हा शब्द मराठी माणसाच्या मनात बसला तो मात्र १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला त्या प्रसंगानं. शिस्तीसाठी आणलेल्या माणसांचं नाव मारेकऱ्यांचं म्हणून लक्षात राहावं, हे कवायतीचं नशीबच म्हणायचं.

गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला, दिवाण विठ्ठल सुंदर तिथंच पडला. पण ती लढाई जिंकून दिली गोदावरीच्या पुरानं आणि पेशव्यांच्या धाडसानं. निजामाची अर्धी फौज पैलतीरावर अडकलेली होती. कवायतीच्या कुळकथेत महत्त्वाचं आहे ते खर्डा. पाटोदा-आष्टीला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातलं हे गाव. ११ मार्च १७९५ रोजी तिथं निजामाकडून रेमंडच्या पलटणी उतरल्या आणि मराठ्यांकडून पेराँच्या हाताखालच्या शिंद्यांच्या. दोन्ही बाजूंचे उस्ताद फ्रेंच. निजाम हरला आणि खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. चार वर्षांच्या आत इंग्रजांनी हैदराबादेतल्या फ्रेंच पलटणी मोडून टाकल्या. हुकूम देणाऱ्याची भाषा बदलली, हुकूम तेच राहिले.

इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेल यानं निजामाच्या पैशावर उभी केलेली फौज पुढे हैदराबाद कंटिन्जंट झाली. तिच्या छावण्या जालना, औरंगाबाद, हिंगोलीला होत्या आणि घोडदळाची एक मोमिनाबादला, म्हणजे आपल्या अंबाजोगाईला. १९०३ साली ही फौज इंग्रजी सैन्यात मिसळली. तिच्या पायदळ पलटणींचं १९२२ साली हैदराबाद रेजिमेंट झालं आणि १९४५ साली त्याच रेजिमेंटला कुमाऊं हे नाव मिळालं. १९६२च्या चीन युद्धात लडाखची रेझांग ला खिंड लढवणाऱ्या रेजिमेंटचं कूळ असं मराठवाड्याच्या छावण्यांपर्यंत येतं, हे अंबाजोगाईत फारसं कुणी सांगताना मी ऐकलेलं नाही. इथली पोरं कुमाऊंत जात नाहीत, तीही एक गोष्ट आहे. ती जातात बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत, सागरला महार रेजिमेंटमध्ये, तोफखान्यात, खडकीच्या सॅपर्समध्ये. साताऱ्या-कोल्हापूरसारखी पिढ्यान्‌पिढ्यांची पलटणीची परंपरा या जिल्ह्याला नाही. १९४८पर्यंत इथं निजामाचं राज्य होतं.

म्हणून इथल्या बहुतेक माजी सैनिकांनी कवायत शिकली ती हिंदी हुकमांवर. गोऱ्यांच्या काळात हुकूम इंग्रजीत असत. स्वातंत्र्यानंतर 'सावधान', 'विश्राम', 'दाहिने मुड', 'थम' आले. तपशील बदलले नाहीत. सावधानमध्ये टाचा जुळलेल्या आणि पंजांत तीस अंशांचा कोन, तेज चालीत मिनिटाला १२० पावलं, पाऊल ३० इंचांचं. पाऊल मोजायला उस्तादाच्या हाती कंपासासारखी उघडणारी पेस स्टिक. रंगरुटाची पहिली फजिती रायफलशिवायच होते. आयुष्यभर नांगरामागे नीट चालत आलेला पोरगा चालीवर हुकूम येताच उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे टाकू लागतो. हवालदार नानांच्या स्क्वाडमध्ये असा एक होता. त्याला उस्तादानं आठवडाभर मैदानाच्या कडेनं एकट्यालाच फिरवलं. "तोच पुढं आमच्यात सगळ्यात चांगला मार्च करायचा," असं नाना म्हणाले, मग जरा थांबून, "दुसऱ्या नंबरचा."

सगळ्याच हालचालींना लढाईतलं कारण नाही. 'सलामी शस्त्र'मध्ये रायफल छातीसमोर उभी असते, घोडा आणि मॅगझिन समोरच्याकडे. या स्थितीतून गोळी झाडता येत नाही, आणि सलामीचा अर्थही तोच. 'निरीक्षण के लिए बाएँ शस्त्र' मात्र निव्वळ कामाची गोष्ट: बोल्ट मागे, चेंबर रिकामं आहे हे सर्वांना दिसलं पाहिजे. 'शोक शस्त्र'मध्ये नळी खाली बुटाच्या टोकावर येते, दोन्ही तळवे बटावर, मान खाली. या जिल्ह्यातल्या गावांनी ही हालचाल शहीद जवानांच्या अंत्यसंस्काराला अनेकदा पाहिली आहे. ती शिकवताना उस्ताद शिव्या देत नाही, असं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं.

थ्री-नॉट-थ्री सैन्यातून गेली तरी पोलिसांत बरीच वर्षं राहिली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २६ जानेवारी २०२०च्या संचलनात निरोप दिला. सैन्यातही एसएलआरनंतर इन्सास आली, आता एके-२०३ येते आहे. बंदूक आखूड होत चालली आहे, त्यामुळे बंदूक पायाशी उभी ठेवायचं 'बाजू शस्त्र', हातात आडवी धरायचं 'तोल शस्त्र' यांच्या जागा पुन्हा सरकणार हे उघड आहे.

बीडच्या रस्त्यांवर पहाटे पळणारी भरतीची पोरं अशाच माजी सैनिकांच्या अकॅडम्यांत तयार होतात. भरतीत कवायत विचारत नाहीत. विचारतात सोळाशे मीटर, बीमवरच्या पुलअप्स आणि नऊ फुटांचा खड्डा. तरी सावधान-विश्राम पहिल्या दिवसापासून घेतलं जातं. रायफल मात्र नाही. एका अकॅडमीत कोपऱ्यात लाकडी डमी रायफली रचलेल्या दिसल्या तेव्हा मी तिथल्या निवृत्त नायकांना विचारलं, शिकवता का? ते म्हणाले, "त्या गणेश विसर्जनाच्या संचलनाला. पोरांना हात लावू देत नाही. आमची एसएलआरची बगल शस्त्र घेऊन हा तिकडं गेला, तर नव्या उस्तादाला आधी ती विसरायला लावावी लागंल. मग पहिल्याच दिवशी रगडा कुणाला? पोराला."