माटवींतील भोपळा

शरद् ऋतु आला कीं अमेरिकेंतील घरांच्या पायऱ्यांवर भोपळ्यांच्या राशी मांडल्या जातात. कोणी ते रंगवितात, कोणी पोखरून त्यांत दिवा लावितात. या सजावटीचीं चित्रें आतां आपल्याकडील घरांतहि पोहोंचलीं आहेत, आणि भोपळ्यासारख्या ओबडधोबड फळाला शोभेच्या वस्तूंत स्थान मिळावें ही कल्पना पुष्कळांना नवीन वाटते. वस्तुतः ती नवीन नाहीं. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला सिंधुदुर्गांतील एखाद्या घरीं जाऊन गणपतीचें दर्शन घ्यावें आणि मग दृष्टि थोडी वर न्यावी. मूर्तीच्या माथ्यावर, हिरव्या-तांबड्या फळांच्या दाटींत, भोपळा टांगलेला आढळेल.

ज्या चौकटीला तो टांगतात तिला माटवी म्हणतात. मालवणी व कोंकणी बोलींत माटव म्हणजे मांडव. तेव्हां माटवी हा देवावरचा लहानसा मांडवच होय. गोव्यांत हिलाच माटोळी असें नांव आहे. लाकडी पट्ट्यांची ही जाळीदार चौकट छताला बांधून तिच्यावर परसांतलें आणि रानांतलें त्या महिन्याचें सारें वैभव लटकावितात. नारळ व सुपारी यांचे घोस, केळ्यांचा घड, तवशीं, दोडकीं, पडवळ, चिबूड, निरफणस, कोहळा आणि भोपळा हें परसाचें देणें. कवंडळाचीं लालभडक फळें, कांगणीचे घोस, शेरवडाचीं पांढरीं पानें, कळलावीचीं ज्वालेसारखीं फुलें हें रानाचें देणें. दोरीसुद्धां पूर्वीं रानांतलीच असे. केवणीची साल सोलून ती करीत.

या रचनेंत भोपळा सर्वांत अवघड. त्याला रंग देत नाहींत कीं कोरीत नाहींत. त्याची शोभा अखंडपणांत आहे. तो वेलावरून देठासकट उतरविला पाहिजे, कारण देठ मोडला तर दोरी बांधावी कशाला? शिवाय त्याच्या भारानें चौकट एका बाजूस कलूं नये म्हणून समोरच्या बाजूस तितक्याच वजनाचें फळ शोधावें लागतें. वजनाचा तोल आणि रंगाचा तोल एकदम साधणें ही या कलेंतील खरी कसोटी होय.

आतां या फळाचा इतिहास पाहूं. आपण ज्यांना एका कुळांतलीं समजतों त्या तीन फळांचीं पूर्वपीठिका अगदीं निरनिराळी आहे. कोहळा हा संस्कृतांतील कूष्मांड. तो या खंडांतला जुना रहिवासी. दुध्या किंवा तुंबा हाहि प्राचीन. साधूचा कमंडलु आणि वीणेचा भोपळा त्याच्याच कवचाचा. तिसरा, तो तांबडा भोपळा, ज्याला कोठें कोठें डांगर म्हणतात, तो मात्र परदेशी. त्याचें कूळ अमेरिका खंडांतलें. मेक्सिकोंतील ओआहाका प्रांतांतील एका गुहेंत भोपळ्याच्या जातीचें जें लागवडीचें बीं सांपडलें, तें सुमारें दहा हजार वर्षांपूर्वींचें ठरलें आहे. १४९२ सालीं कोलंबस त्या खंडाला लागला, आणि १५१० सालीं आल्बुकेर्कनें गोवें घेतलें. पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर मिरची, काजू, अननस, पपई, पेरू अशी जी अमेरिकेची संपत्ति आपल्या किनाऱ्यास लागली, तींतच तांबड्या भोपळ्याची गणना करावी लागते. नवें फळ आलें, पण त्याला नवें नांव मिळालें नाहीं. दुध्याच्या जुन्या नांवांतच त्यानें आपली जागा करून घेतली.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. कोहळ्याला शास्त्राचा आधार आहे. कार्तिक शुद्ध नवमीला कूष्मांडदान सांगितलें आहे. नवदुर्गांतील चौथीचें नांवच कूष्मांडा. आणि देवीपुढें पशूच्या बळीऐवजीं कोहळा कापण्याची रीति तर अनेक ठिकाणीं आहे. तांबड्या भोपळ्याच्या वांट्याला यांतलें कांहीं आलें नाहीं. पोथींत ज्याला स्थान नव्हतें तो माटवींत मात्र मानानें जाऊन बसला. याचें कारण माटवीचा नियम पोथीचा नसून शेतकऱ्याचा आहे. या महिन्यांत जें आपल्या भूमींत पिकलें तें प्रथम देवाला दाखवावें, एवढाच तो नियम. फळ मूळचें कोठलें, हा प्रश्न त्यांत येत नाहीं. तें आपल्या मातींत रुजलें कीं नाहीं, इतकेंच पाहिलें जातें.

ज्या सत्तेच्या जहाजांबरोबर हें फळ आलें तिची दृष्टि इतकी उदार नव्हती, हें इतिहास सांगतो. गोव्यांत १५६० पासून, मधलीं थोडीं वर्षें वगळतां, १८१२ पर्यंत इन्क्विझिशनचा अंमल होता, आणि हिंदूंच्या आचारांवर कडक निर्बंध होते. कागदावर चितारलेल्या गणपतीची पूजा करण्याची जी परंपरा कांहीं गोमंतकीय घराण्यांत आजहि आहे, तिचा संबंध लोक त्याच काळाशीं जोडतात. राज्यकर्त्यांनीं देव नाकारला. लोकांनीं राज्यकर्त्यांचें फळ नाकारलें नाहीं, उलट तें देवाच्या माथ्यावर बांधलें.

अमेरिकेंतील प्रथेचाहि इतिहास असाच स्थलांतराचा आहे. ३१ ऑक्टोबरच्या रात्रीं आयर्लंड व स्कॉटलंड येथील लोक सलगम पोखरून त्याचे दिवे करीत. ते अमेरिकेंत गेले तेव्हां त्यांना भोपळा अधिक सोयीचा वाटला. तेथें जुन्या रीतीला नवें फळ मिळालें. येथेंहि तेंच घडलें. भेद इतकाच कीं तिकडे भोपळा पोकळ करून उजळवितात, इकडे तो भरलेला ठेवून मिरवितात.

१ मे १९८१ रोजीं रत्नागिरींतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि ओरोस येथें सिंधुदुर्गनगरी वसली. घाटावरून नोकरीसाठीं आलेल्या कुटुंबांना माटवीचें दर्शन नवीन असतें, आणि चतुर्थीच्या आधींचा कुडाळ-कणकवलीचा बाजार हीच त्यांची पहिली शाळा होते. पण येथल्याच घरांतहि आतां कवंडळ विकत आणावें लागतें, आणि कोठें कोठें चौकटीला प्लास्टिकचीं फळें लटकतांना दिसतात. सावंतवाडीच्या कारागिरांचीं रंगीत लाकडी फळें सुंदर असतात, तीं कपाटांत शोभतात. परंतु माटवीचें मर्म नासणाऱ्या फळांत आहे. तीं दरवर्षीं नव्यानें शोधावीं लागतात, म्हणून कोणती वेल कोणत्या डोंगरावर, कोणतें फळ विषारी, कोणतें औषधी, हें ज्ञान बापाकडून मुलाकडे जातें. गोव्यांत सरकारच्या कला व संस्कृति खात्याकडून माटोळीच्या स्पर्धा होतात, हें स्तुत्य आहे. तथापि स्पर्धेपेक्षां महत्त्वाचें हें कीं चतुर्थीच्या आधीं मुलांनीं वडिलांबरोबर रानांत जावें. जें फळ बाजारांतून आणलें त्याचें नांव मूल विसरेल. जें स्वतः वेलावरून तोडलें त्याचें नांव तें सहसा विसरणार नाहीं.