एकाच कामाचे दोन दाम

साजगावच्या विठोबाला आपल्याकडचे लोक प्रेमाने ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात. कार्तिकी एकादशीपासून येथे जी यात्रा भरते तिच्यात सुक्या बोंबलांचे ढीग देवळाच्या वाटेवर रचलेले असतात. शाकाहारी देवाला असे नाव पडल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला तरी ठाऊक नाही. या ठिकाणाविषयीची आख्यायिका आपण सर्वांनी ऐकलेलीच आहे. तुकोबा घाटावरून मिरच्या घेऊन कोकणात विकायला आले. माप स्वतः न धरता ‘तुम्हीच मोजून घ्या’ म्हणून ते नामस्मरणात बसले. लोकांनी हवे तेवढे मोजून घेतले, हवे तेवढे पैसे दिले, कित्येकांनी मुळीच दिले नाहीत. पुढे विठोबालाच नोकराचा वेष घेऊन दारोदार वसुली करावी लागली.

आख्यायिकेच्या खरेखोटेपणात आम्ही शिरत नाही. तीत एक व्यावहारिक गोष्ट मात्र आहे: ज्याला घ्यायचे त्याच्याच हाती माप दिले की ते एका बाजूला झुकते. मिरच्यांचे जे झाले तेच श्रमाचे झाले. श्रमाचे माप पिढ्यान् पिढ्या श्रम घेणाऱ्याच्या हाती राहिले. आपल्या तालुक्यातल्या भातलावणीकडे पाहा. नांगर आणि चिखलणी पुरुषाची; आवण काढणे, मुठी बांधणे, दिवसभर ओणवे राहून रोवणे हे बाईचे. मजुरी ठरताना पुरुषाची अधिक, बाईची कमी. का, असे विचारले तर उत्तर येते की ‘कामच वेगळे आहे.’ हे उत्तर आपण लक्षात ठेवू या, कारण पुढे ते मोठ्या वकिलांच्या तोंडूनही ऐकायला मिळणार आहे.

या इतिहासाचा मोठा भाग मुंबईच्या गिरण्यांत घडला, आणि त्या गिरण्या आपल्याला परक्या नाहीत. १९१५ साली टाटांचे वीजघर खोपोलीला सुरू झाले, लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाट उतरून त्यात पडू लागले, आणि त्या विजेवर परळ-लालबागचे साचे फिरू लागले. तेव्हाच्या कुलाबा, रत्नागिरी, सातारा जिल्ह्यांतून माणसेही तिकडेच गेली. वीज एका दराने जात होती. माणसांच्या बाबतीत तसे नव्हते. एकाच प्रतीचे सूत काढणाऱ्या दोन कामगारांना शेजारशेजारच्या दोन गिरण्यांत निराळा पगार मिळे. दर प्रत्येक गिरणीचा मालक ठरवी आणि जॉबर त्यात आपली भर घाली. कामगाराला आपला दर कळे, पण भिंतीपलीकडचा कळत नसे.

१९२८ चा सार्वत्रिक संप आपण बहुधा कम्युनिस्ट चळवळीचा अध्याय म्हणून वाचतो. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार बाहेर राहिले. ना. म. जोशी, डांगे, निंबकर, आळवे, झाबवाला ही नावे त्या वेळी घरोघर झाली. संपाच्या सतरा मागण्यांच्या मुळाशी एक भांडण असे होते की, एका माणसावर अधिक साच्यांचा भार टाकायचा तर त्याचा दर कोणी व कसा ठरवायचा. त्यातून ‘प्रमाणीकरण’ हा अवजड शब्द कामगारांच्या बोलण्यात आला. अर्थ साधा: काम तेच तर दर तोच, मग गिरणी कोणाचीही असो. सर चार्ल्स फॉसेट यांच्या समितीने १९२९ साली या प्रश्नावर अहवाल दिला. परंतु मुंबईच्या गिरण्यांत प्रमाणित वेतन प्रत्यक्षात यायला १९४७ उजाडले. त्या वर्षी औद्योगिक न्यायालयाने ते ठरवून दिले आणि किमान मूळ वेतन महिना ३० रुपये केले. १९२८ ते १९४७! एकोणीस वर्षांत संपात बापाबरोबर उपाशी राहिलेला मुलगा स्वतः साच्यावर उभा राहिला असेल.

पण याच संपात एक दुसरी गोष्ट बाहेर आली, आणि आमच्या मते तीच अधिक मोलाची आहे. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, कताईपेक्षा पगार चांगला होता, आणि त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना घेतच नसत. कारण असे देत की, धोट्यातली कांडी बदलताना दोऱ्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागते; एकाचा तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याने कसा लावायचा? ही बंदी मालकाने लिहून काढलेली नव्हती. ती सवर्ण कामगारांनी, आपल्याच भाईबंदांविरुद्ध, पाळलेली होती. मालकाने तिच्याकडे सोयीस्कर दुर्लक्ष केले एवढेच. डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट बजावले की ही अडचण दूर करण्याची मागणी घातल्याशिवाय आपला पाठिंबा मिळणार नाही, आणि मग ती मागणी यादीत आली. ती मोठ्या उत्साहाने आली असे कोणी म्हणणार नाही. त्यानंतरही कित्येक वर्षे साचेखात्याचे दार बहुतांशी बंदच राहिले.

येथे थोडे थांबले पाहिजे. ‘समान कामाला समान वेतन’ ही घोषणा फॉसेट समितीपुढेही टिकली असती आणि तरीही या कामगाराला तिचा काडीचा उपयोग झाला नसता. त्याला समान काम करूच दिले जात नव्हते. दर समान करून भागत नाही. चांगल्या दराच्या खात्याचे दार कोणासाठी लागलेले आहे हेही पाहावे लागते. स्त्रियांचेही असेच. त्या वेळी गिरण्यांत दर पाच कामगारांत सुमारे एक बाई असे. पण ती मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत, नगावर काम करणारी. तिचा पगार म्हणजे घरधन्याच्या पगाराला जोड, असे मालक समजे. युनियनच्या पुढाऱ्यांतही पुष्कळजण तसेच समजत.

स्वातंत्र्यानंतर तत्त्व कागदावर आले. राज्यघटनेच्या ३९ व्या अनुच्छेदात स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे धोरण म्हणून लिहिले गेले. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या करारावर भारताने १९५८ साली मोहर उमटवली. कायदा मात्र १९७५ च्या वटहुकमाने आणि १९७६ च्या समान वेतन कायद्याने आला. आमच्या महाराष्ट्राने एका बाबतीत बरे पाऊल टाकले: वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीला १९७७ साली कायद्याचे रूप देताना स्त्री-पुरुषांना एकच मजुरी ठरली. बांधावर माती टाकणारी बाई आणि पुरुष एका दरात आले, ही गोष्ट लावणीच्या बांधावर त्या वेळी कोणाला पटली नसती.

नव्या कायद्याची खरी परीक्षा मुंबईच्या एका कचेरीत झाली. मॅकिनन मॅकेंझी या जहाज व्यवसायातील कंपनीत ऑड्री डी’कॉस्टा लघुलेखिका होत्या. कंपनीत पुरुष लघुलेखकही होते. १९७५ साली कंपनी आणि युनियन यांच्यात करार झाला. त्यात पुरुषांची श्रेणी एक आणि स्त्रियांची वेगळी, कमी पगाराची. जून १९७७ मध्ये डी’कॉस्टा यांची नोकरी संपली. मग त्यांनी फरकाची रक्कम मागितली. कंपनीचे म्हणणे काय? बाई वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या ‘खाजगी’ लघुलेखिका आहेत, त्या जागेवर पुरुष नाहीत, तेव्हा तुलना कोणाशी करणार? शिवाय युनियननेच सही केली आहे, आणि कंपनीची आर्थिक स्थिती बरी नाही.

लावणीच्या बांधावरचेच उत्तर, श्रोतेहो: ‘कामच वेगळे आहे.’ पहिल्या अधिकाऱ्याने दावा फेटाळला, अपिलात तो मान्य झाला, उच्च न्यायालयातही टिकला, आणि मार्च १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. वेंकटरामय्या यांनी निकाल लिहिला. लहानसहान फरकांवर जाऊ नये, काम ढोबळमानाने सारखे आहे का ते पाहावे. करार कायद्यावर मात करू शकत नाही. पैसा नाही ही सबब चालत नाही. रक्कम होती सुमारे ७,२०० रुपये. नोकरी सुटल्यापासून निकालापर्यंत जवळजवळ दहा वर्षे गेली.

या निकालात आम्हांला जो मुद्दा टोचतो तो युनियनच्या सहीचा. अन्यायावर सही कामगारांच्याच प्रतिनिधींनी केली होती. साचेखात्यातली बंदीही कामगारांनीच पाळली होती. मालकाला दोष देणे सोपे आहे आणि तो बहुधा योग्यही असतो. पण पगारातला फरक टिकवायला वरच्या पायरीवरच्या कामगाराची मूक संमती लागते, हे आमच्या चळवळीच्या इतिहासात फार कमी लिहिले गेले आहे.

१९७६ चा तो कायदा आज २०१९ च्या वेतन संहितेत विलीन झाला असून ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. फरकाने मात्र नाव बदलले आहे. पूर्वी ‘लेडी स्टेनोग्राफर’ होते, आता ‘कंत्राटी’ हा शब्द आहे. एकाच यंत्रावर दोन माणसे, एक कायम आणि एक ठेकेदाराचा. घाम एकच, पगाराची पावती वेगळी. सरकारी सेवेतील तात्पुरत्या कामगारांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली पंजाबच्या एका खटल्यात म्हटले की काम तेच असेल तर त्या पदाच्या श्रेणीतले किमान वेतन त्यांना दिलेच पाहिजे. खाजगी कारखान्यात हे कोणी तपासायचे? डी’कॉस्टा बाईंजवळ तुलना करायला पुरुष लघुलेखक तरी होते आणि दोन श्रेण्या करारात स्पष्ट लिहिलेल्या होत्या. ठेकेदाराचे हजेरीपुस्तक एका दप्तरात आणि कंपनीचे पगारपत्रक दुसऱ्या दप्तरात असते, आणि ती दोन्ही शेजारी ठेवून पाहणारा माणूस युनियनच्या सभेत अजून उभा राहिलेला नाही.