थ्रेशियन धर्माचे ऋतुविधींतील अवशेष

थ्रेशियन धर्म : आजचा बल्गेरिया, ईशान्य ग्रीस आणि तुर्कस्तानचा युरोपीय भाग या पट्ट्यात प्राचीन काळी राहणाऱ्या थ्रेशियन टोळ्यांच्या उपासना व श्रद्धा. या लोकांनी धर्मग्रंथ मागे ठेवले नाहीत. त्यांची माहिती मिळते ती ग्रीक लेखकांकडून, थडग्यांतून आणि शिल्पांतून. ग्रीक इतिहासकार हिरॉडोटसच्या मते ते एरीस, डायोनायसस आणि आर्टेमिस या तीनच देवांना भजत. त्यांचे राजे मात्र हर्मीसची पूजा करीत. थ्रेशियनांपैकीच असलेल्या गेटी लोकांची श्रद्धा अशी, की माणूस मरत नाही, तो झालमॉक्सिस या देवाकडे जातो. रोमन अमलात घोड्यावर स्वार झालेल्या वीराची शिल्पे या प्रदेशात मोठ्या संख्येने घडली.

टोळ्या इतिहासजमा झाल्या, भाषा लोपली, लोक ख्रिस्ती झाले. तरीही शेतीच्या वर्षाशी बांधलेल्या काही विधींत जुन्या धर्माचे धागे आढळतात, असे अनेक अभ्यासक मानतात.

यांपैकी सर्वांत विलक्षण विधी म्हणजे ईस्टरपूर्व उपवासांच्या तोंडावर होणारा कलोगेरोस. पूर्व थ्रेसमधील, म्हणजे तुर्कस्तानच्या युरोपीय भागातील, विझे या गावी जन्मलेले ग्रीक लेखक जॉर्जिओस विझिइनोस यांनी 1888 मध्ये त्याचे वर्णन छापले. ब्रिटिश अभ्यासक आर. एम. डॉकिन्स यांनी 1906 मध्ये त्याच परिसरात त्याची पाहणी केली. या खेळात कातडी पांघरलेले, घंटा बांधलेले दोन मुखवटाधारी असतात, त्यांनाही कलोगेरोस म्हणतात. म्हातारीच्या वेषातला एक जण चिंध्यांचे बाळ टोपलीत घेऊन फिरतो. हे बाळ भराभर वाढते, खायला मागते, मग बायको मागते. लग्न लागते, आणि एक कलोगेरोस दुसऱ्याला मारून टाकतो. शोक होतो, मेलेला उठून उभा राहतो, आणि गावकरी नांगर ओढून बी पेरतात. जन्म, विवाह, मरण, पुनर्जन्म आणि पेरणी, सगळे एकाच दिवसात! बाल डायोनायससलाही ग्रीक परंपरेत सुपात निजवत, म्हणून डॉकिन्स यांनी या खेळाची सांगड डायोनायससच्या उपासनेशी घातली. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातील 1923 च्या लोकसंख्या-अदलाबदलीनंतर निर्वासितांनी हा विधी ग्रीक मॅसिडोनियात नेला.

बल्गेरियात याचे भावंड म्हणजे कुकेरी. कमरेला जड घंटा बांधलेले पुरुष उड्या मारत गावभर फिरतात, नांगर धरतात, चर पाडतात, धान्य टाकतात. पश्चिमेकडील पेर्निक भागात मुखवटाधारींचा असाच उत्सव जानेवारीत होतो. 2015 मध्ये युनेस्कोने तो अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला.

स्त्रांजा डोंगरातील बल्गारी गावात संत कॉन्स्टंटाइन आणि हेलेना यांच्या सणाला निखाऱ्यांवरून अनवाणी नाच होतो. नाचणाऱ्यांच्या हातात संतांच्या प्रतिमा असतात, ढोल आणि मशकवाद्याची साथ असते. या नाचाला नेस्तिनारस्त्वो म्हणतात. युनेस्कोने तो 2009 मध्ये नोंदवला. शेतीशी जोडलेला आणखी एक विधी फेब्रुवारीतला: संत त्रिफोनच्या दिवशी द्राक्षवेली छाटून त्यांवर वाइन शिंपडतात.

परंपरा अखंड असल्याचा दावा मात्र जपून तपासायला हवा. सहाव्या-सातव्या शतकांत या भूमीवर स्लाव आले, आणि मधल्या शतकांतील लेखी पुरावा अगदी तुटक आहे. ग्रीक आणि बल्गेरियन राष्ट्रवादाला प्राचीन वारशाची ओढ होती, ही बाबही विसरता येत नाही. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ लोरिंग डॅनफर्थ यांनी ग्रीसमधील अशाच अग्निनृत्याचा अभ्यास करून 1989 च्या आपल्या ग्रंथात त्याचा अर्थ आजच्या गावकऱ्यांच्या आजारपणांत आणि कौटुंबिक नात्यांत शोधला. अग्निनृत्याच्या बाबतीत त्यांची वाट अधिक विश्वासार्ह वाटते, कारण तिथे थ्रेशियन मूळ दाखवणारा थेट पुरावा नाही. कलोगेरोस आणि कुकेरी यांच्या बाबतीत जुन्या उपासनेशी असलेले साम्य तपशीलवार आहे. म्हणून प्राचीन अवशेष म्हणून विचार करायचा तर तो सर्वप्रथम या दोन विधींचा करायला हवा.