आवळायचं नाही, सोडायचं

लघवीचे रिपोर्ट नॉर्मल, कल्चरमध्ये जंतू नाहीत, सोनोग्राफी स्वच्छ. तरी ओटीपोट ठणकतंय, रात्रीत आठ-दहा वेळा उठावं लागतंय. अशा बाईला शेवटी "टेन्शन घेऊ नका" एवढंच ऐकायला मिळतं. आमच्या नात्यातल्या एकींनी हे वाक्य अकरा वर्षं ऐकलं. (घरचे वाचणारे ओळखतील, नाव लिहीत नाही.) म्हणून या दुखण्याचा इतिहास वाचायला घेतला, तर काय... उत्तराचे तुकडे केव्हाचे होते, पण वेगवेगळ्या डॉक्टरांच्या कपाटांत!

'इंटरस्टिशियल सिस्टायटिस' हे नाव १८८७ चं, ब्रुकलिनच्या अलेक्झांडर स्कीन यांच्या पुस्तकातलं. १९१५ मध्ये बाल्टिमोरच्या गाय हनर यांनी मूत्राशयातल्या व्रणाचं वर्णन केलं आणि पुढे सगळे तो व्रणच शोधत बसले. तो सापडतो थोड्याच रुग्णांत. बाकीच्यांचं दुखणं मग मनाचं ठरलं!

१९३७ मध्ये जॉर्ज थिली हे गुदविकारांचे डॉक्टर माकडहाडाच्या दुखण्याबद्दल वेगळंच सांगत होते. त्यांच्या मते हाड बहुधा निर्दोष असतं, आखडलेले असतात ते भोवतीचे स्नायू. गुदद्वारातून बोट घालून ते त्या स्नायूंना मसाज करत. आता गंमत बघा. या स्नायूंची झोळी ओटीपोटाच्या तळाशी असते आणि मूत्राशय तिच्यावरच टेकलेलं. पण माकडहाड एका खात्यात, मूत्राशय दुसऱ्या!

१९४८ मध्ये लॉस एंजेलिसच्या अर्नोल्ड केगेल यांनी बाळंतपणानंतर लघवी गळणाऱ्या बायकांसाठी हेच स्नायू आवळण्याचा व्यायाम दिला. उत्तमच व्यायाम. पण तो इतका गाजला की ओटीपोटाचा व्यायाम म्हणजे आवळणं, हे समीकरणच झालं. आधीच मूठ आवळून बसलेल्या स्नायूला आणखी आवळ म्हणायचं! (आपला मूलबंधही आवळण्याचाच, हे जाता जाता.)

कोंडी फोडली ती एका रुग्णानेच. विकी रॅटनर यांना वैद्यकीय शिक्षण घेतानाच हा आजार जडला. १९८४ मध्ये त्यांनी अमेरिकेत रुग्णांची संघटना काढली आणि संशोधनासाठी सरकारच्या मागे लागल्या. तिकडे जॅनेट ट्रॅव्हेल (केनेडींच्या डॉक्टर) आणि डेव्हिड सायमन्स यांनी 'ट्रिगर पॉइंट'वर ग्रंथ लिहिले. स्नायूतली एक गाठ दाबली की दुखतं भलतीकडेच, हा त्याचा गाभा. २००१ मध्ये जेरोम वाइस यांनी हे मूत्राशयाच्या रुग्णांना लावून पाहिलं.

उपचार कसा, तेही लिहिते, संकोच ठेवून उपयोग नाही. फिजिओथेरपिस्ट हातमोजा घालून योनीमार्गातून (पुरुषांत गुदद्वारातून) त्या गाठी बोटाने हळूहळू दाबून सोडवते. पोट, मांड्या, जुने टाके यांवरही हात चालवते.

२०१२ मध्ये ८१ स्त्रियांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तपासताना या सगळ्यांचे हे स्नायू दुखरे निघाले होते. निम्म्यांना हा उपचार, निम्म्यांना अंगाचा साधा मसाज. तासातासाच्या दहा बैठका ठरवल्या होत्या. पहिल्या गटात ५९ टक्के स्त्रियांना लक्षणीय आराम पडला, दुसऱ्यात २६. म्हणजे रामबाण नव्हे, आणि ज्यांचे स्नायू दुखरे नाहीत त्यांच्याबद्दल ही चाचणी काही सांगत नाही. त्याआधी, २०११ मध्येच, अमेरिकेतल्या मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलं होतं, या रुग्णांना केगेलचे व्यायाम देऊ नका.