एंजिनाची नाडीपरीक्षा

मूर्तिजापूरहून यवतमाळकडे जाणाऱ्या अरुंद लोहमार्गावर कारंजा हें कापसाच्या व्यापाराचें जुनें गांव लागतें. १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यांतून वाशीम जिल्हा वेगळा झाला, तेव्हांपासून कारंजा त्या जिल्ह्यांत मोडतें. वऱ्हाडचा कापूस मोठ्या लोहमार्गापर्यंत पोंचावा म्हणून किलिक-निक्सन या विलायती पेढीनें हा मार्ग घडवून आणला, आणि त्यावरील गाडीला लोकांनीं ‘शकुंतला’ हें लाडकें नांव दिलें. मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेलें वाफेचें एंजिन १९२३ पासून ही गाडी ओढूं लागलें; १९९४ च्या एप्रिल महिन्यांत त्याची जागा डिझेल एंजिनानें घेतली. सत्तर वर्षें एक यंत्र टिकलें, या यशांत ड्रायव्हराच्या नजरेसमोरील दोन साध्या साधनांचाही वांटा आहे. एक, पाण्याची पातळी दाखविणारी कांचेची नळी; दुसरें, वाफेचा दाब सांगणारी कांट्याची तबकडी.

या तबकडीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. पूर्वीं दाब मोजण्यासाठीं पारा भरलेली उंच नळी वापरीत. धांवत्या एंजिनावर तिचा निभाव लागणें कठीण. पॅरिस येथील यूजेन बूर्दों या यंत्रज्ञानें १८४९ सालीं युक्ति काढली. धातूची चपटी नळी कमानीसारखी वांकवून तिचें एक तोंड त्यानें बंद केलें. आंतील दाब वाढला कीं ही कमान उलगडूं पाहते, आणि बंद टोंकाची ती हालचाल दांतेरी चाकांच्या द्वारें कांटा फिरविते. आजही तेलाचा दाब दाखविणारीं यांत्रिक मापकें याच तत्त्वावर चालतात.

वाफेच्या काळीं अशीं साधनें ऐच्छिक नव्हतीं. पाणी भट्टीच्या माथ्याखालीं उतरलें, तर उघडा पडलेला पत्रा तापून मऊ होतो आणि दाबानें फाटतो. मग जवळचीं माणसें जिवास मुकतात. म्हणून १९२३ च्या बॉयलर कायद्यानें कारखान्यांतील बॉयलरांची तपासणी सक्तीची केली, आणि त्याखालील नियमांनीं पाण्याची कांच व दाबाचा कांटा अनिवार्य ठरविला. रेल्वेच्या एंजिनांची व्यवस्था वेगळी होती, पण तत्त्व तेंच.

डिझेल एंजिनाची गोष्ट निराळी. रुडॉल्फ डिझेल यानें १८९७ सालीं जर्मनींतील ऑग्सबुर्ग येथें आपलें एंजिन यशस्वी करून दाखविलें. त्यांत फुटण्याजोगा बॉयलर नाहीं. तें बिघडलें तर सहसा जीव जात नाहीं. जातो तो मालकाचा पैसा. साहजिकच ही काळजी मालकाच्या पदरांत पडली. पुढें कारखानदारांनींही खर्चाचा हिशेब पाहून कित्येक कांटे काढले व त्यांच्या जागीं तांबडे दिवे बसविले. दिवा ‘बिघडलें’ एवढेंच सांगतो. कांटा ‘बिघडूं लागलें आहे’ असें सांगतो.

या दोहोंमधील अंतराची किंमत कोणाला मोजावी लागते? अकोल्याहून पातूर, मेडशी, मालेगांव या वाटेनें वाशीमकडे खत किंवा सिमेंट आणणाऱ्या पिकअपच्या मालकाला. पातूर सोडल्यावर घाट चढून पठारावर यावें लागतें. वैशाखांत हवाच ४० अंशांवर तापलेली असते. गाडी बहुधा कर्जाची, आणि घराचें उत्पन्न तिच्यावर. ऐन सोयाबीनच्या दिवसांत एंजिन जाम झालें, तर नुसती दुरुस्ती नव्हे, सारा हंगामच हातचा जातो.

अशा मालकानें बाजारांतील चकचकीत तबकड्यांच्या रांगेला भुलूं नये. आधीं आपलें एंजिन कशानें मरेल हें विचारावें, व मगच मापक निवडावें. पहिला मान पाण्याच्या उष्णतामानाचा. मूळचा कांटा पुष्कळदां मुद्दाम मंद केलेला असतो. तो मध्यावर येऊन स्थिर राहतो आणि लहानसहान चढउतार दाखवीतच नाहीं. म्हणून अंशांचे आंकडे असलेलें मापक घ्यावें. दुसरा मान तेलाच्या दाबाचा. तेलाचा पातळ थर तुटला कीं बेअरिंगें थोड्याच वेळांत झिजतात. यांत्रिक मापकाची तेलनळी थेट केबिनमध्यें येते, आणि ती तडकली तर गरम तेल अंगावर उडतें. विजेचें मापक त्या मानानें निर्धोक, मात्र त्याचा सेन्सर व तबकडी एकमेकांना जुळणारीं हवींत.

जुन्या, टर्बो नसलेल्या गाडीला एवढें पुरतें. टर्बो असेल तर तिसरें मापक धुराच्या उष्णतेचें. दोन भिन्न धातूंचा सांधा तापला कीं वीज उत्पन्न होते, हें सीबेक यानें १८२१ च्या सुमारास दाखविलें. हें मापक त्यावरच चालतें. डिझेल जास्त आणि हवा कमी झाली कीं धूर अधिक तापतो. घाटांत चढतांना हा कांटा पाण्याच्या कांट्याआधीं हलतो, हेंच त्याचें महत्त्व. टर्बोच्या अलीकडे सुमारे ७०० अंशांवर दीर्घ काळ राहणें धोक्याचें मानतात. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळतें, आणि पिस्टन त्याच जातीच्या धातूचा असतो. टर्बोच्या पलीकडे सेन्सर बसविल्यास आंकडा पुष्कळ कमी दिसतो, हें विसरूं नये. चौथें मापक टर्बोच्या दाबाचें. नेहमींच्याच चढावर हा दाब उतरलेला दिसला, तर रबरी नळी गळते आहे कीं हवेची जाळी तुंबली आहे, हें पाहावें.

मात्र कांटाही फसवूं शकतो. पाणी गळून गेलें आणि सेन्सर कोरडा पडला, तर एंजिन जळत असतांही उष्णतेचा कांटा खालीं राहूं शकतो. वाफेच्या एंजिनावरील कांचेची नळी तुंबली तरी हाच घोटाळा होई. म्हणून फायरमन तिच्या तोट्या वरचेवर उघडून पाही. तशी परीक्षा आजही शक्य आहे. बसविण्यापूर्वीं सेन्सर तबकडीला जोडून उकळत्या पाण्यांत धरावा. वाशीमच्या उंचीवर साधें पाणी सुमारे ९८ अंशांस उकळतें. कांटा तेथवर गेला पाहिजे. २०२० नंतरच्या गाड्यांत तपासणीच्या सॉकेटला लहानसें उपकरण लावून कित्येक आंकडे वाचतां येतात. तेथें तारा कापून वॉरंटी गमावण्याचें कारण नाहीं.

आणि मापक लागल्यावर गाडी निरोगी असतांनाच सपाटीवरचे, घाटांतले व गरम एंजिन मंद चालत असतांनाचे आंकडे वहींत टिपून ठेवावेत. वैद्याला रोग्याची नेहमींची नाडी ठाऊक असली, तरच आजची बदललेली नाडी त्याला कळते.