स्वसंरक्षणासाठी पिस्तूल घ्यायचंय? परवाना, निवड आणि सांभाळ यांची सविस्तर माहिती

शेतवस्तीवर एकटं घर, गावापासून दोन किलोमीटर आत, रात्रीची लाईट आणि मोटार चालू करायला जाणारा एकटा माणूस. त्यात परिसरात चोरीची बातमी आली की पारावर एक विषय हमखास निघतो : "एखादं पिस्तूल घेऊन ठेवावं का?" मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ बघून कोण कुठल्या कंपनीचं नाव सांगतो, तर कोण हळूच कानात "पाच-पंचवीस हजारात गावठी मिळतं" असंही सांगतो. यातलं कायदेशीर काय, भरवशाचं काय आणि अंगाशी येणारं काय, याची ही माहिती.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे नेमकं काय

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे अर्धस्वयंचलित. एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि मॅगझीनमधली पुढची गोळी आपोआप नळीच्या मागच्या घरात, म्हणजे चेंबरमध्ये येऊन बसते. पुढच्या गोळीसाठी पुन्हा चाप ओढावा लागतो. रिव्हॉल्व्हरमध्ये फिरतं चक्र असतं, पिस्तुलात मॅगझीन असतं. बोलताना दोन्हीला 'पिस्तूल' म्हणतात, पण परवान्यावर आणि दुकानात ही दोन वेगळी हत्यारं आहेत.

सैन्य-पोलिसांकडे दिसतात तशा सेमी-ऑटोमॅटिक रायफली आणि ९ एमएमचं पिस्तूल हे 'प्रतिबंधित बोअर'मध्ये येतं. त्याचा विषय केंद्रीय गृह मंत्रालयाकडे असतो. सर्वसामान्य शेतकऱ्याला किंवा व्यापाऱ्याला ते मिळेल, या आशेवर राहू नये. जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतो तो 'अप्रतिबंधित बोअर'चा परवाना. त्यात सेमी-ऑटोमॅटिक म्हणून सर्वात जास्त चालणारं हत्यार म्हणजे .३२ बोअरचं पिस्तूल. शिवाय .३२ चं रिव्हॉल्व्हर आणि १२ बोअरची बंदूक हे पर्याय असतात.

आधी कारण, मग हत्यार

आपल्याकडे शस्त्र बाळगणं हा हक्क नाही, परवानगी आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम यावर सगळं चालतं. अर्जात पहिला प्रश्न असतो : कशासाठी? नुसतं "भीती वाटते" एवढं पुरत नाही. रोख रकमेची ने-आण, सराफी किंवा आडतीचा धंदा, पूर्वी झालेली चोरी-दरोडा, आलेली धमकी असं ठोस कारण लागतं. त्यासाठी गुन्ह्याची फिर्याद, एनसीची प्रत, पोलिस ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच जपून ठेवावी. धमकी आली तेव्हा तक्रारच दिली नाही, तर वर्षभराने परवान्यासाठी ती सांगून उपयोग होत नाही.

कारणावरून हत्यारही ठरतं. गरज आणि हत्यार यांचा मेळ साधारण असा :

- रोकड घेऊन प्रवास करणारा : अंगावर बाळगता येईल असं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल.
- शेतवस्तीवरचं घर : १२ बोअरची दुनळी. बनावट साधी. उघडली की भरलेली आहे की रिकामी हे डोळ्याला दिसतं.
- रानडुकरांपासून पीक : पिस्तुलाचा इथे काही उपयोग नाही. पीक संरक्षणाचा परवाना हा वेगळा विषय आहे. शिवाय परवाना असला तरी वन्यप्राणी मारण्याची परवानगी वन विभागाकडूनच घ्यावी लागते.
- बिबट्याची भीती : बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. अंगावरच आला आणि जीव वाचवताना मारला गेला तर कायदा सूट देतो. पण दिसला म्हणून गोळी घातली तर तो गंभीर गुन्हा. इथे बंदिस्त गोठा, उजेड आणि वन विभागाला फोन हेच खरं संरक्षण.

परवाना कसा मिळतो

अर्जदाराचं वय २१ वर्षं पूर्ण हवं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला शिक्षेनंतर पाच वर्षं परवाना मिळत नाही. चॅप्टर केसमध्ये शांतता राखण्याचा बाँड चालू असेल तर त्या मुदतीतही मिळत नाही. बांधाच्या भांडणात दोन्हीकडून चॅप्टर केस होतात, तेव्हा ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

१. अर्ज 'नमुना ए-१' मध्ये, शस्त्र परवान्याच्या केंद्रीय ऑनलाईन पोर्टलवर भरायचा. त्याची प्रत आणि कागदपत्रं जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत द्यायची. पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलिस आयुक्तांकडे.
२. सोबत ओळख, पत्ता आणि वयाचा पुरावा, फोटो, मानसिक आरोग्यासह वैद्यकीय प्रमाणपत्र आणि हत्यार घरात कुलूपबंद ठेवण्याची हमी द्यावी लागते.
३. शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. हे फक्त कागद म्हणून घेऊ नये, खरंच शिकावं.
४. पोलिस चौकशी होते. नियमात पोलिस अहवालासाठी ३० दिवस आणि अहवाल आल्यावर निर्णयासाठी ६० दिवस दिलेले आहेत. प्रत्यक्षात वेळ जास्त लागू शकतो, म्हणून अर्जाची पोच आणि नंबर जवळ ठेवावा.
५. अर्ज नाकारला तर लेखी कारण मागता येतं आणि वरिष्ठ प्राधिकाऱ्याकडे मुदतीत अपील करता येतं.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ३ ऐवजी ५ वर्षं झाली आहे आणि एका माणसाला जास्तीत जास्त २ हत्यारं ठेवता येतात. पूर्वी ही मर्यादा ३ होती. परवाना मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटच्या नादी लागू नये. सही जिल्हाधिकाऱ्यांची असते, एजंटची नाही.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर?

पिस्तूल चपटं असतं, कमरेला कमी दिसतं, मॅगझीनमध्ये साधारण ७-८ गोळ्या बसतात आणि पुन्हा भरायला सोपं. पण त्याला सराव आणि स्वच्छता लागते. हात ढिला धरला, तेल सुकलं, धूळ बसली किंवा काडतूस जुनं निघालं की ते अडकतं. अडकलेलं पिस्तूल मोकळं कसं करायचं हे हाताला माहीत नसेल, तर ऐन वेळी ते लोखंडाचा तुकडा ठरतं.

रिव्हॉल्व्हरमध्ये साधारण ६ गोळ्या. एखादी गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढला की चक्र फिरून पुढची गोळी समोर येते. चक्र बाहेर काढलं की भरलंय की नाही ते लगेच कळतं. ज्याला वर्षातून जेमतेम एकदा सरावाला जायला जमणार आहे, त्याच्यासाठी रिव्हॉल्व्हर जास्त भरवशाचं, असं म्हणायला हरकत नाही.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दोन्हीला '.३२' म्हणत असले तरी पिस्तुलाचं .३२ काडतूस आणि रिव्हॉल्व्हरचं .३२ काडतूस एक नाही. रिव्हॉल्व्हरचं लांब असतं, पिस्तुलाचं आखूड. शेजाऱ्याच्या डब्यातली गोळी बसतेय का बघू, असा प्रयोग करू नये. तसंही दुसऱ्याच्या परवान्यावरची गोळी घेणं बेकायदेशीरच आहे.

दुकानात काय तपासावं

खरेदी फक्त परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा सरकारी आयुधनिर्माणीच्या कंपनीकडून. कानपूरला मुख्यालय असलेली ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया ही सरकारी कंपनी २०२१ पासून हे काम बघते. 'अशनी' हे .३२ चं पिस्तूल आणि २०१४ साली आलेलं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर ही आयुधनिर्माणीची ओळखीची नावं. बाजारात जुनी विलायती पिस्तुलंही येतात. बाहेरून आयात बंद असल्यामुळे त्यांची किंमत अवाच्या सवा सांगतात, पण स्प्रिंग किंवा मॅगझीन बिघडलं तर सुटा भाग मिळणं कठीण. नावाला भुलण्यापेक्षा दुरुस्ती कुठे होते ते आधी विचारावं.

- हत्यारावरचा नंबर, बिलावरचा नंबर आणि परवान्यावरची नोंद तंतोतंत जुळते का.
- नळीच्या आत गंज, खड्डे किंवा फुगवटा आहे का.
- रिकाम्या हत्याराची स्लाईड मागे-पुढे अडखळत तर नाही ना.
- मॅगझीनचे वरचे ओठ वाकलेले नाहीत ना. पिस्तूल अडकण्याचं मूळ पुष्कळ वेळा मॅगझीनमध्येच असतं.
- सेफ्टीचा खटका पक्का बसतो का.
- मूठ हातात बसते का आणि चापापर्यंत बोट सहज पोचतं का. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नावे परवाना असेल तर त्याच माणसाने धरून बघावं.

.३२ पिस्तुलाच्या काडतुसाची मागची कडा किंचित बाहेर आलेली असते. मॅगझीन भरताना वरच्या गोळीची कडा खालच्या गोळीच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे. उलटं बसलं की गोळ्या एकमेकीत अडकतात. हे विक्रेत्याकडून करून दाखवून घ्यावं.

सगळ्यात जास्त होणारी चूक

मॅगझीन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, हा समज जीव घेतो. मॅगझीन काढल्यावरही एक गोळी चेंबरमध्ये राहू शकते. रिकामं करायचा क्रम असा : नळी मोकळ्या, सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, आधी मॅगझीन काढा, मग स्लाईड मागे ओढा, मग चेंबर डोळ्यांनी बघा. क्रम उलटा केला, म्हणजे आधी स्लाईड ओढली आणि मग मॅगझीन काढलं, तर नवी गोळी आत जाऊन बसते आणि माणूस समजतो रिकामं आहे.

दुसरं, एक गोळी सुटल्यावर सेमी-ऑटोमॅटिक पुढच्या क्षणी पुन्हा तयार असतं. घाबरलेल्या हाताने दुसरी गोळी नकळत सुटू शकते. म्हणून चापावर बोट ठेवून चालणं, पळणं, दार उघडणं कधीही करू नये. अंधारात कोण आहे हे बॅटरीने ओळखल्याशिवाय हत्यार रोखू नये. रात्री-अपरात्री दार वाजवणारा आपलाच पोरगा किंवा सालगडी असू शकतो.

घरात हत्यार रिकामं आणि कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. गोठा, मोटारीची खोली, चुलीजवळ ठेवू नये; ओल आणि उष्णतेने काडतूस खराब होतं. घरात लहान मुलं असतील, कोणी दारूच्या नादी असेल किंवा कर्जापायी, आजारपणापायी मनाने खचलेलं असेल, तर हत्यार घेण्याचा विचार थांबवावा. आधीच असेल तर ते पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करता येतं. चोराच्या भीतीने आणलेलं हत्यार घरच्याच माणसाच्या हाती पडू नये.

गोळी कधी झाडता येते

भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे. जिवाला धोका किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल, दरोडा पडत असेल, रात्री घरफोडी होत असेल अशा प्रसंगी हा हक्क समोरच्याच्या जिवापर्यंत जाऊ शकतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क राहत नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी, मोटार-केबल चोरणाऱ्यावर लांबून गोळी, बांधाच्या वादात रोखलेलं पिस्तूल, हे स्वसंरक्षण ठरणं फार अवघड. धोका दिसताच आधी ११२ ला फोन आणि शेजाऱ्यांना हाक. गोळी झाडावी लागलीच तर जखमीला दवाखान्यात पोचवा आणि पोलिसांना ताबडतोब स्वतः कळवा.

लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार केला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पिस्तूल हातात घेऊन रील टाकली की परवाना धोक्यात आलाच म्हणून समजा. निवडणुकीत हत्यार जमा करण्याची नोटीस आली तर मुदतीत जमा करून पावती घ्यावी. परवानाधारक वारला तर वारसाने हत्यार घरात ठेवू नये, जमा करून आपल्या नावे अर्ज करावा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन महिने आधीच द्यावा.

गावठी कट्ट्याचं काय?

विनापरवाना हत्यार सापडलं तर किमान २ वर्षं आणि ५ वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड. बनवणाऱ्या-विकणाऱ्याला किमान ७ वर्षं ते जन्मठेप. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ते हत्यार भरवशाचं नसतं. साध्या पाईपची नळी गोळीचा दाब सोसत नाही. ती धरणाऱ्याच्याच हातात फुटू शकते. वर, पूर्वी त्याच कट्ट्याने कुठे गुन्हा झाला असेल तर ते बालंट ज्याच्याकडे सापडलं त्याच्यावर येतं.

भरवशाचं हत्यार म्हणजे महागडं किंवा विलायती नव्हे. ज्याचा परवाना चोख आहे, ज्याचं काडतूस आणि दुरुस्ती मिळते आणि ज्याचा सराव चालवणाऱ्याने केलेला आहे, ते भरवशाचं. सरावाला वेळ आणि खर्च जमणार नसेल तर त्याच पैशात वस्तीला पक्कं दार, कंपाउंड, सोलरचा दिवा, सायरन आणि एक चांगलं कुत्रं होतं. या गोष्टींना परवाना लागत नाही आणि त्या रोज रात्री कामाला येतात.